बॅटरी उतरली? आधी व्होल्ट मोजा, मग पैसे

आठवडाभर ऑफिस मेट्रोने किंवा दुचाकीने, आणि कार सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. रविवारी सिंहगडाकडे निघायचं म्हणून सेल्फ मारावा, तर नुसती टकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. पुण्यात हे अनेक घरांत घडतं. घाईघाईने नवी बॅटरी मात्र मागवू नका.

बॉनेट उघडून टर्मिनल बघा. तिथे पांढरी-हिरवट पावडर साचली असेल, तर दोष तिचाच असू शकतो. आधी काळी वायर सोडवा, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, लाल आधी घट्ट बसवा. खर्च शून्य.

तरी गाडी उठली नाही, तर जंप स्टार्ट. घरी येणारा मेकॅनिक साधारण ३०० ते ६०० रुपये घेतो, रात्री जास्त. पण आधी विम्याची पॉलिसी काढून बघा. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल, तर ही मदत बहुतेकदा त्यातच मिळते. अनेक जण त्याचे पैसे भरतात आणि विसरतात.

गाडी सुरू झाली म्हणजे काम झालं, असं नाही. गॅरेजमध्ये १००-२०० रुपयांत बॅटरी रात्रभर चार्ज होते. मग काही तास थांबून मल्टिमीटर लावायला सांगा, आणि आकडा स्वतः वाचा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक; पूर्ण चार्ज करूनही १२ च्या खाली आला, तर बॅटरी संपली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवा. तेवढा चढत नसेल, तर दोष आल्टरनेटरकडे असण्याची शक्यता जास्त. मग हजारो रुपयांची नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत उतरेल.

बदलायचीच वेळ आली, तर छोट्या पेट्रोल गाडीची ३५ एएचची बॅटरी अंदाजे ४ ते साडेपाच हजारांना पडते, डिझेलची ७ ते ९ हजारांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलावर तपासा. नाना पेठेत दोन-तीन दुकानांत विचारा. जुनी बॅटरी देऊन आणि न देता, असे दोन्ही भाव घ्या. उत्पादनाचा महिना पाहा, वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का घ्या.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. ती दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका.