पंचगंगेची पातळी मांडताना

शाहूपुरी, कोल्हापूर

प्रिय भाचेबुवा,


पंचगंगेच्या पाणीपातळीसाठी पॉवर बीआयमध्ये स्वतःचा व्हिज्युअल लिहायला घेतलायस, हे कळलं. बरं वाटलं. पण कोडला हात घालण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे: तयार आलेखानं तुझं का भागत नाही? राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, ३९ फुटांची इशारा रेषा आणि ४३ फुटांची धोका रेषा एवढंच दाखवायचं असेल, तर साध्या रेषालेखात दोन स्थिर रेषा टाकल्या की झालं. त्यासाठी टाइपस्क्रिप्ट लिहिणं ही नुसती हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथं असतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली आणि तुझा व्हिज्युअल बिघडला, तर ऐन पुरात फोन तुलाच येणार. तेव्हा तयार आलेखाला जे कळत नाही, तेवढंच तुझ्या मॉड्यूलमध्ये घाल.

त्याला कळत नाही ते आपलं माप. आपल्याकडं पातळी फूट-इंचात सांगतात. २०१९ च्या पुरात ५५ फूट ७ इंच, २०२१ च्या पुरात ५६ फूट ३ इंच. आता एखाद्यानं एक्सेलमध्ये ३९ फूट ९ इंच हे ३९.९ असं भरलं आणि तासाभरानं ३९ फूट १० इंच हे ३९.१० असं भरलं, तर संगणक दुसरा आकडा ३९.१ वाचतो. पाणी चढलं इंचभर आणि आलेखात उतरलं नऊ-दहा इंच! नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतला माणूस ती रेषा बघून गोठ्यातली जनावरं हलवायची थांबला, तर जबाबदार कोण? म्हणून फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घे, आत सगळ्याचे इंच कर (३९ फूट म्हणजे ४६८, ४३ फूट म्हणजे ५१६) आणि पडद्यावर लिहिताना परत फूट-इंच कर.

दुसरी गोष्ट, न आलेली नोंद. मुसळधार पावसात रात्री एखादी नोंद राहून जाते. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या जागेचा आकडा करायला गेलास की शून्य होतो आणि तुझी रेषा थेट नदीच्या तळाला जाते. तिथं रेषा तुटलेलीच दिसू दे. डी-थ्री ही लायब्ररी वापरत असशील तर त्याची सोय त्यात आहे. शेवटची नोंद किती वाजताची, हेही ठळक लिही. पहाटे तीनची पातळी सकाळी नऊला ताजी म्हणून दाखवणं म्हणजे फसवणूकच.

आता एक खाचखळगा. व्हिज्युअलच्या कॅपॅबिलिटीज फाईलमध्ये ओळींची मर्यादा ठरवून दिली नाहीस, तर पॉवर बीआय तुझ्या व्हिज्युअलला पहिल्या १,००० ओळीच देतं. तासाला एक नोंद धरून १ जूनपासून मोज: आलेख १२ जुलैला दुपारी संपतो. २०२१ चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्याकडं आला, २०१९ चा ऑगस्टमध्ये. म्हणजे पूर येण्याआधीच तुझी नदी आटली! आणि चूक झाल्याचं कुणी सांगणारही नाही, कारण जेवढा आलेख दिसतो तेवढा बरोबरच असतो. जून ते सप्टेंबरच्या २,९२८ नोंदी होतात. मर्यादा त्या हिशेबानं वाढव.

व्हिज्युअलमधलं अपडेट हे फंक्शन डेटा बदलला तरी चालतं आणि खिडकी लहान-मोठी केली तरी चालतं. दर वेळी नवी रेषा काढून जुनी तशीच ठेवलीस, तर थोड्या वेळानं आलेखाचा गुंता होतो. आधीची आकृती बदलायची, तिच्यावर दुसरी चढवायची नाही.

३९ आणि ४३ हे आकडे कोडमध्ये पक्के करू नकोस. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर. ते फॉरमॅटच्या चौकटीतून बदलता आले पाहिजेत, म्हणजे तोच व्हिज्युअल कृष्णेलाही चालेल. राधानगरी धरणाच्या दरवाजांचा विसर्गही त्याच आलेखात उजव्या अक्षावर टाकायचा मोह होईल. टाकू नकोस. क्युसेक आणि फूट एकाच चौकटीत आले की पट्टी जराशी ओढून हवा तो संबंध दाखवता येतो. विसर्गाला खाली वेगळा आलेख दे. दरवाजा कधी उघडला आणि इथलं पाणी कधी चढलं, ते वाचणारा स्वतः ताडून बघेल.

रंगांच्या छटा, हलणाऱ्या लाटा हे सगळं नंतर. आधी २०१९ आणि २०२१ च्या नोंदी घालून बघ. मग मधल्या चार नोंदी मुद्दाम खोडून, एकात ३९.१० भरून बघ. व्हिज्युअल गप्प राहिला तर परत लिही. ओरडला तर फाईल मला पाठव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा