जुन्या जीपच्या डिस्ट्रिब्यूटरमधील तेल : निदान व उपाय

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला आणि विकासकार्याबरोबर पेट्रोलवर चालणारी जीप खेड्यापाड्यांच्या परिचयाची झाली. विलीज इंजिनाची अशी जीप ज्याने आजवर जपली आहे, त्यास चिपळुणाहून लोट्यास येताना परशुराम घाटात एक अडचण येण्याचा संभव असतो. भरलेली गाडी चढावर अडखळते, इंजिन ठोके चुकविते व अखेरीस ऐन वळणावर बंद पडते.

कोकणात अशा वेळी दोष ओलाव्यावर टाकण्याची प्रथा आहे. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढावे, फडक्याने पुसावे आणि गाडी चालू झाली की काम संपले असे मानावे. ओलावा असल्यास हे योग्यच होय. परंतु तेल असले तरीही पुसल्यावर गाडी चालू होते आणि येथेच फसगत होते. थोड्या दिवसांत तीच तक्रार उद्भवते व नवी कॉइल, नवा कंडेन्सर यांवर पैसा व्यर्थ जातो. भर वैशाखात, आंब्याच्या पेट्या नेताना गाडी अडखळू लागली, तर ओलाव्यास बोल लावण्याचे कारणच नाही.

म्हणून झाकण काढल्यावर पुसण्याची घाई करू नये. प्रथम नीट पाहावे. पाणी झाकणाच्या आतील अंगास बारीक थेंबांच्या रूपाने दिसते. तेल बोटास बुळबुळीत लागते, पॉइंटांची तोंडे काळवंडतात आणि त्यांच्या खालील पत्र्यावर काळपट डागाची रेघ उमटते. ही रेघ विशेष विश्वसनीय खूण समजावी. पॉइंटांमध्ये बसलेला तेलाचा थर ठिणगीने जळतो, त्याची काजळी विद्युत्प्रवाहास अडथळा करते व प्लगात जोरदार ठिणगी पडत नाही.

तेल कोठून आले, हे रंगावरून बरेचसे उलगडते. ते स्वच्छ व पातळ असेल, तर बहुधा मालकाच्याच हातून आलेले असते. डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूस तेल सोडण्याची जी जागा असते, तीत तीन-चार थेंब पुरतात. रोटरखालील वातीस एकच. पिचकारीभर तेल ओतणे ही यंत्राची सेवा नव्हे. तेल काळे असेल, तर ते इंजिनातून वर चढले आहे, कारण या इंजिनात डिस्ट्रिब्यूटरचा दांडा तेलपंपाच्या दांड्याशी जोडलेला असतो. इंजिन बंद ठेवून दांडा आडवा हलवून पाहावा. फिरण्याच्या दिशेने रोटर थोडा हलणे स्वाभाविक आहे. दांडा आडवा डुलत असेल तर बुश झिजले आहेत. बुश घट्ट असूनही तेल येत असेल, तर इंजिन चालू ठेवून तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढावे. तेथून धूर जोराने उसळल्यास रिंगा झिजल्या आहेत किंवा इंजिनातील वाफ बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला आहे. तो मार्ग आधी साफ करावा. त्यास फारसा खर्च येत नाही. रिंगाच झिजल्या असतील, तर नवा डिस्ट्रिब्यूटर बसवूनही गुण येणार नाही.

सफाईपूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे व बॅटरीची तार सोडावी. पेट्रोलने किंचित भिजविलेल्या फडक्याने सर्व भाग पुसावेत. जवळपास कोणी विडी पेटवू नये आणि पेट्रोल पूर्ण वाळल्याखेरीज झाकण बसवू नये. आत वाफ राहिल्यास ठिणगीने भडका उडण्याचा धोका असतो. जळालेले पॉइंट बदलावेत व ते पूर्ण उघडले असता त्यांतील अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ठेवावे. त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर झाकण पुन्हा उघडून ती रेघ उमटली आहे काय, हे पाहावे.