कूलर, ओलावा आणि विजेचा धक्का

वैशाखांत आपल्या अकोटास व सर्व अकोला जिल्ह्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो आणि घरोघर कूलर चालू होतात. पत्र्याची पेटी, तळाशीं पाणी, पाण्यांत पंप आणि त्यास २३० व्होल्टांची वीज, अशी ही रचना असते. कूलरचा धक्का बसून माणसें दगावल्याच्या वार्ता विदर्भांत उन्हाळ्यांत वरचेवर येतात. यास्तव या धोक्याचें कारण समजून घेणें अवश्य आहे.

घरांत फ्यूज असल्यावर भय कशाचें, असें पुष्कळांस वाटतें. आपण हिशेब करून पाहूं. कोरड्या त्वचेचा विजेस होणारा विरोध बराच असतो; परंतु अंग ओलें असतां शरीराचा विरोध सुमारें १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० ला १००० नें भागिलें असतां ०.२३ अँपिअर प्रवाह येतो. हृदयाची क्रिया बिघडविण्यास एवढा प्रवाह पुरे होतो. पण ५ अँपिअरचा फ्यूज त्यानें वितळत नाहीं. फ्यूज काय किंवा एम.सी.बी. काय, दोन्ही तारेचें रक्षण करितात, माणसाचें नव्हे.

माणसाच्या रक्षणाचे उपाय दोन. पहिला अर्थिंग. पत्र्यास जोडलेली तार गळलेली वीज जमिनींत नेते. पण वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यांत वाळून भेगाळते, आणि कोरडी माती विजेस सहज वाट देत नाहीं. म्हणजे ज्या दिवसांत कूलर लागतो, त्याच दिवसांत अर्थिंग दुर्बळ होतें. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें.

दुसरा उपाय आर.सी.सी.बी. हें उपकरण. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो कीं नाहीं, हें तें सतत ताडून पाहतें. ३० मिलिअँपिअरचें उपकरण तेवढा फरक पडतांच सेकंदाच्या तृतीयांशाच्या आंत वीज तोडतें. अमेरिकेंत प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं १९६१ सालीं याच तत्त्वाचें उपकरण सिद्ध केलें. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांस एकदम हात लागल्यास याचा भरंवसा नाहीं.

पुढील नियम पाळावे :

१. पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग काढावा.
२. तीनपिनी प्लगच वापरावा. अर्थची पिन मोडूं नये.
३. न्हाणीघर व मोरीजवळचे सॉकेटही आर.सी.सी.बी.च्या संरक्षणाखालीं असावे. तिचें चाचणीचें बटण अधूनमधून दाबून पाहावें.
४. कोणास धक्का बसल्यास त्यास स्पर्श न करितां प्रथम वीज बंद करावी.

आज घरीं गेल्यावर स्विचबोर्डापाशीं ३० मिलिअँपिअरचें उपकरण आहे काय, हें पाहा. नसल्यास तें परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घेण्याविषयीं वडील मंडळींस सांगा. शाळेंत शिकलेला ओहमचा नियम घरच्या माणसांचे प्राण राखण्याच्या कामीं यावा, यांतच त्या विद्येचें सार्थक आहे.