डॉरथीबाई

विल्यम कॅरी हे इंग्लंडात जोडे शिवत. १७८१ साली त्यांचे डॉरथीशी लग्न झाले. तिला लिहिता येत नव्हते. लग्नाच्या वहीत तिने सहीच्या जागी फुली मारली.

पुढे कॅरी पाद्री झाले. हिंदुस्थानात जाऊन ख्रिस्ताचा धर्म सांगायचा, असे त्यांनी मनात घेतले. डॉरथी म्हणाली, मी नाही येत. ती पोटुशी होती. थोरल्या मुलाला घेऊन साहेब जहाजावर चढलेसुद्धा! पण परवाना नव्हता, म्हणून उतरावे लागले. तोवर ती बाळंत झाली. पुन्हा आर्जवे झाली. बहीण सोबत येत असेल तर येते, असे ती म्हणाली. देवाची हाक साहेबांना आली होती, तिला नव्हती. तरी ती निघाली. तो १७९३ चा जून महिना.

१७९४ साली बंगाल्यात पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. पोटचा गोळा! त्यानंतर डॉरथीचे मन ठिकाणावर राहिले नाही. ती नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई. तिला खोलीत कोंडून ठेवावे लागे. शेजारच्या खोलीत साहेब बायबलाचे भाषांतर करीत. मात्र त्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडले नाही, हेही सांगितले पाहिजे.

१८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापून निघाले. हे श्रीरामपूर बंगालातले, आपल्या नगरकडचे नव्हे. त्याच गावी १८०७ साली डॉरथी वारली. बारा वर्षे ती आजारी होती.