उघडी मूठ : जुन्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरांपासून घ्यावयाचा धडा

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, ती पिढी आता आजी-आजोबांच्या वयाची झाली आहे. कळ फिरवताच त्या रेडिओतून आवाज येत नसे. आधी मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसू लागे, मग तापलेल्या धुळीचा वास येई आणि थोड्या वेळाने, दूरवरून यावा तसा, निवेदकाचा आवाज उमटे. त्या उजेडाचा उगम म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी, अर्थात व्हॉल्व्ह. ट्रान्झिस्टरने तिला रेडिओतून केव्हाच हद्दपार केले. एका क्षेत्रात मात्र तिचा मान अजून कायम आहे. ते क्षेत्र म्हणजे विद्युत गिटारचा अॅम्प्लिफायर. १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेत व इंग्लंडमध्ये तयार झालेले असे दुर्मीळ अॅम्प्लिफायर शोधून जमवणारे, दुरुस्त करणारे आणि वाजवणारे लोक आज जगभर आहेत. ज्ञान कशाने टिकते आणि कशाने नष्ट होते, याचा एक धडा त्यांच्या या छंदात आहे, असे आम्हांस वाटते. तो वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

नळीत काय घडते

१९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी दोन ध्रुवांची निर्वात नळी तयार केली. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसवली आणि त्यातूनच पुढे ध्वनिवर्धनाचे युग सुरू झाले. नळीतील एक ध्रुव तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व समोरच्या धातूच्या पट्टीकडे धावतात. मधली जाळी ही कालव्याच्या दारासारखी असते. दार किंचित हलले तरी मोठा प्रवाह कमी-अधिक होतो. गिटारच्या तारेच्या कंपनातून निर्माण झालेला क्षीण विद्युतसंदेश या जाळीवर दिला की त्याचीच मोठी प्रतिकृती पुढे मिळते.

या प्रवाहाला मर्यादा आहे. तिच्यापलीकडे मागणी केली की ध्वनिलहरींचे माथे दबू लागतात. साध्या ट्रान्झिस्टर मंडलात ते विळ्याने कापावेत तसे एकदम छाटले जातात. व्हॉल्व्हमध्ये ते हळूहळू वाकत जातात. त्यामुळे मूळ स्वराभोवती उपस्वरांची दाटी होते आणि आवाजाला भरीव, किंचित खरखरीत पोत येतो. तार सप्तकात चढताना शाहिराचा आवाज थोडा फाटतो आणि त्या फाटण्यातच त्याची आर्तता असते, तसेच हे आहे. वादकाने तार हळुवार छेडली तर स्वर स्वच्छ, जोराने छेडली तर धारदार. म्हणून जाणते वादक अॅम्प्लिफायरला वाद्याचाच अर्धा भाग मानतात.

दोष गुण कसा ठरला

ज्या अभियंत्यांनी ही यंत्रे बनवली, त्यांच्या दृष्टीने आवाज फाटणे हा दोष होता. तो गुण ठरवला वादकांनी, आणि त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत अग्रभागी होते. दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांतील दारिद्र्य आणि वंशभेद यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांकडे निघाले. मडी वॉटर्स हे त्यांपैकीच एक. ते १९४३ साली मिसिसिपीहून शिकागोस आले. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साध्या गिटारचा आवाज ऐकू जाणे शक्य नव्हते; म्हणून त्यांनी विद्युत गिटार हाती घेतली. त्यांचे सहकारी लिटल वॉल्टर यांनी तर मायक्रोफोन व हार्मोनिका एकत्र ओंजळीत धरून तो आवाज अॅम्प्लिफायरमधून काढला. १९५१ साली ‘रॉकेट ८८’ या गीताच्या ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला जाताना विली किझार्ट या गिटारवादकाच्या अॅम्प्लिफायरची मोडतोड झाली. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले आणि तोच घोगरा आवाज त्या गीताची ओळख ठरला, अशी कथा सांगितली जाते.

ज्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास समाज तयार नव्हता, त्यांनी साध्या यंत्रातून आपला आवाज त्याच्या कानी घातला. या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते.

एका मंडलाचा प्रवास

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे; पण वादकांच्या तक्रारी ते मन लावून ऐकत. त्यांच्या कारखान्यात १९५८ च्या सुमारास ‘बासमन’ या अॅम्प्लिफायरची ५एफ६-ए ही आवृत्ती तयार झाली. तिच्यात दहा इंची चार स्पीकर होते. ती मुळात बास गिटारसाठी होती. साध्या गिटारच्या वादकांनी तिला आपलेसे केले.

लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन अॅम्प्लिफायर तेथे फार महाग पडत. १९६२ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी बासमनचे मंडल समोर ठेवून, इंग्लंडमध्ये मिळणारे सुटे भाग वापरून ‘जेटीएम ४५’ हा अॅम्प्लिफायर तयार केला. मांडणी जवळजवळ तीच. पण नळ्या, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पेटी वेगळी असल्याने आवाज निराळा झाला. १९६६ साली एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या वृंदासोबत मार्शलवर वाजवलेली गिटार पुढील पिढ्यांसाठी आदर्श ठरली. शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांचे संगीत अशा रीतीने इंग्रज तरुणांपर्यंत पोहोचले. मंडल वाचता आले म्हणून हे घडले. त्या काळच्या फेंडर अॅम्प्लिफायरच्या पेटीत कोणत्या जागी कोणती नळी बसवावी याचा तक्ता चिकटवलेला असे. आतली जोडणी हातांनी केलेली आणि डोळ्यांना दिसणारी होती. गावातला रेडिओ मेकॅनिकही ती समजून घेऊ शके.

बंद मूठ

याउलट उदाहरण हॉवर्ड अलेक्झांडर डंबल यांचे. कॅलिफोर्नियातील या कारागिराने एकट्याने, एकेका वादकाचा हात ओळखून, आयुष्यभरात काही शेच अॅम्प्लिफायर बनवले. आज त्यांची किंमत लाख डॉलरच्या वर जाते. आपले मंडल कोणी उतरवून घेऊ नये म्हणून ते त्यावर इपॉक्सीचा अपारदर्शक थर ओतत. जानेवारी २०२२ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कौशल्याबद्दल आम्हांस आदरच आहे, आणि श्रमाचे फळ इतरांनी फुकट न्यावे असेही आम्ही म्हणत नाही. पण त्या थराखालचा एखादा भाग बिघडला तर दुरुस्त करणाऱ्याला आधी तो थर खरवडावा लागतो, ही वस्तुस्थिती आहे.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला सांगतात की, आतले आणि बाहेरचे असा भेद न करता आपण धम्म शिकवला. तथागताजवळ आचार्यमुष्टी नाही, म्हणजे शिष्यापासून काही राखून ठेवणारी गुरूची मिटलेली मूठ नाही. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येच्या दारातून परत पाठवले गेले, त्याला या वचनाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

जतन म्हणजे काय

संग्राहकांमध्ये एक वाद नेहमी चालतो. जुन्या अॅम्प्लिफायरचे मूळ भाग बदलावेत की नाही? बदलले तर बाजारातील किंमत उतरते. न बदलले तर तो वाजत नाही. मिलिंद राजाला नागसेनांनी विचारलेला प्रश्न येथे आठवतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? सुट्या भागांपैकी एकही रथ नव्हे. त्यांच्या विशिष्ट जुळणीला आपण रथ म्हणतो. अॅम्प्लिफायरचेही तसेच. व्हॉल्व्ह झिजतात. कपॅसिटरमधील रसायन काही दशकांत सुकते आणि घरघर सुरू होते. अनित्यता येथे कानांनी ऐकू येते. म्हणून जाणकार झिजणारा भाग बदलतात, काढलेला भाग नावनिशीसह जपून ठेवतात आणि जुळणी मूळची राखतात. सारे मूळचे ठेवून मुका झालेला अॅम्प्लिफायर काचेच्या कपाटात ठेवला तर पेटी जपली जाते, आवाज नाही.

हे काम शिकू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. या यंत्रांत तीनशे-चारशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरतो. म्हणून जाणत्याच्या देखरेखीविना पेटी उघडू नये. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र थेट विजेला जोडू नये. आधी तपासणी करून, सिरीजच्या बल्बमधून चालू करावे. अमेरिकन यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले तर जळेल. त्यास दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. जुनी दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवावी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात. २०२२ साली रशियातील पुरवठा अडचणीत आला तेव्हा जगभरचे वादक चिंतेत पडले. आपल्याकडेही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते. त्यांचे न वापरलेले जुने नग संग्राहक आजही शोधत असतात.

एखाद्या वस्तीत, विहाराच्या माळ्यावर, भीमगीतांच्या कार्यक्रमांत भोंग्याला जोडला जाणारा जुना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर कदाचित अजून धूळ खात पडला असेल. तो भंगारात देण्याआधी एखाद्या वयस्क रेडिओ मेकॅनिकला दाखवावा, आणि तो दुरुस्त करीत असताना दोन मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. यंत्र वाजले तर आनंदच. न वाजले तरी त्या हातांतील विद्या दोन मुलांकडे जाईल.