कीड सल्ल्याचे संकेतस्थळ जलद उघडावे यासाठी

भिलाई-दुर्गच्या मैदानापासून राजनांदगावमार्गे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत धानाचा पट्टा जवळजवळ सलग आहे आणि त्यातील किडी राज्यांच्या सीमा मानत नाहीत. धान पोटरीवर येत असताना तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव वाढला, की बांधीत करपल्यासारखे गोलाकार चट्टे दिसू लागतात. ही कीड चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसत असल्याने चट्टा दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. अशा वेळी बांधावर उभा असलेला शेतकरी मोबाइलवर सल्ला शोधतो. पान उघडले नाही तर तो सरळ कृषी सेवा केंद्र गाठतो. तेथे संश्लेषित पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक हाती पडले, तर मिरिड ढेकूण आणि कोळी हे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू मरतात व फवारणीनंतर तुडतुडे उलट वाढतात. म्हणून पान किती सेकंदांत उघडते, हा प्रश्न पीक संरक्षणाचाही आहे.

पान जड होण्याचे सर्वांत मोठे कारण छायाचित्रे हे असते. मोबाइलच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र ४०००×३००० बिंदूंचे असते आणि त्याची फाइल सहज ४ मेगाबाइटची होते. सेकंदाला १ मेगाबिट या मंद वेगाने ती उतरण्यास ३२ सेकंद लागतात. अशी पाच छायाचित्रे असतील तर अडीच मिनिटांहून अधिक. मोबाइलच्या पडद्याची रुंदी मात्र बहुधा १०८० बिंदूंच्या आसपास असते. त्या मापाला आणलेल्या चित्रात मूळच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतकेच बिंदू उरतात आणि पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. पुढे ते जेपेगऐवजी वेबपी स्वरूपात साठवल्यास फाइल आणखी पाव ते एक तृतीयांशाने लहान होते. वेबपी हे स्वरूप गूगलने २०१० मध्ये आणले असून आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते दाखवतात.

येथे कीटकशास्त्राची एक अट आहे. मक्यावरील लष्करी अळी ओळखायची ती डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ खुणेवरून आणि आठव्या उदरखंडावरील चौकोनात मांडलेल्या चार ठिपक्यांवरून. चित्र अति दाबले तर नेमक्या याच खुणा पुसट होतात. तेव्हा आधी चित्र कापावे, मग दाबावे. संपूर्ण शेताचे दृश्य कमी आणि अळीचे डोके जवळून, अशी निवड केल्यास फाइल लहान होते व ओळखही पटते. पानाच्या खालच्या भागातील चित्रे वाचक तेथे पोहोचल्यावरच उतरावीत, अशी ‘लेझी लोडिंग’ची सोय एका शब्दाच्या सूचनेने करता येते. पहिल्या चित्राला मात्र ती लावू नये. लावल्यास तेच उशिरा दिसते.

दुसरा दोष खास आपल्याकडचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले परिपत्रक छापून, स्कॅन करून त्याचे चित्रच संकेतस्थळावर चढवले जाते. युनिकोडमधील देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, ही तक्रार खरी आहे. तरीही पाचशे शब्दांचा मराठी सल्ला १० किलोबाइटच्या आसपास बसतो आणि सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली संपीडन चालू असेल तर त्याहून बराच कमी. स्कॅन केलेले एक पान याच्या कित्येक पट जड असते. शिवाय त्यातील मजकूर शोधयंत्राला सहसा सापडत नाही. अँड्रॉइड मोबाइलमध्ये नोटो देवनागरी फॉन्ट बहुधा आधीच असतो. वेगळा फॉन्ट हवाच असेल तर तो वॉफ-२ स्वरूपात द्यावा आणि तो येईपर्यंत मोबाइलमधील फॉन्टने मजकूर दिसेल अशी योजना करावी.

मुखपृष्ठावरील मान्यवरांची फिरती छायाचित्रे, आपोआप सुरू होणारी चित्रफीत आणि भेटींचा आकडा यांचा तुडतुड्यांवर कोणताही परिणाम आढळत नाही. ती काढून टाकावीत.

अंतराचाही हिशेब आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. भिलाई ते मुंबई हे लोहमार्गाचे सुमारे ११०० किलोमीटर अंतर धरले, तर एका फेरीस ११ मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर किमान १३० लागतात. पानाचा पहिला शब्द येण्याआधी अशा तीन-चार फेऱ्या होतात, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासातच जातो. देशातील सर्व्हर किंवा जवळच्या शहरात प्रती ठेवणारे सीडीएन जाळे घेतल्यास हा वेळ वाचतो. मोबाइलमध्ये प्रत साठवून ठेवण्याची मुदत चित्रांसाठी दीर्घ ठेवावी. सल्ल्याच्या पानासाठी ठेवू नये. मागच्या पंधरवड्याचा सल्ला आजचा म्हणून दिसणे हे पान न उघडण्याहून वाईट आहे. तारीख शीर्षकालगतच असावी.

पानातील मुख्य मजकूर वा चित्र २.५ सेकंदांत दिसावे, असा गूगलचा निकष आहे आणि पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनावर तो तपासता येतो. तथापि कार्यालयातील वाय-फायवर, आधी अनेकदा उघडलेले पान पुन्हा उघडून समाधान मानू नये. स्वस्तातला मोबाइल घेऊन बांधावर जावे, मोबाइल डेटावर खासगी विंडोत पान उघडावे आणि बुंध्यावरील तुडतुडे मोजण्याचा परिच्छेद दिसेपर्यंत घड्याळ लावावे.