मल्टिपल स्क्लेरोसिस : मज्जासंस्थेचा एक आजार

मेंदूचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर असते तसे, मायलिनचे वेष्टन असते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्या वेष्टनावर हल्ला करते आणि संदेश मंदावतात, कधी खुंटतात. पॅरिसचे डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले.

सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीत होते. स्त्रियांत प्रमाण अधिक. एका डोळ्याने अंधूक दिसणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही लक्षणे अनेकदा काही आठवड्यांत ओसरतात आणि घरच्यांना वाटते, दुखणे गेले. येथेच मोलाचा काळ हातचा जातो. विलक्षण थकवा तर बाहेरून दिसतच नाही. त्यास आळस म्हणणे अन्यायाचे आहे. उन्हाने वा तापाने लक्षणे तात्पुरती बळावतात, हेही नातेवाइकांनी जाणावे. आजार संसर्गजन्य नाही.

तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र १९९३ पासून उपलब्ध होत गेलेल्या औषधांनी नवे झटके कमी होतात. यांतील बरीच औषधे महाग असून ती दीर्घकाळ घ्यावी लागतात. आम्ही हिशेब ठेवणारे. देणगीदारांपासून ही बाब झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश असल्याने कुटुंबीयांनी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत अवश्य चौकशी करावी.